जोतीराम मिस्त्री ‘ओके’ म्हणत नाहीत

जोतीराममामाची नक्कल करायची तर आधी दोनदा खाकरावं लागतं. पहिलं खाकरणं घसा साफ करायला, दुसरं समोरचा ऐकतोय का ते बघायला. मग डावा खांदा थोडा पाडायचा, कानामागं स्क्रूड्रायव्हर खोचलाय असं समजून मान वाकडी धरायची आणि ठणकावून म्हणायचं, "पावणं, गाडी रडतीया की तुमची. मारता काय तिला?" एवढं जमलं की उद्यमनगरात कुणीही डोळे मिटून सांगेल, हा जोतीराम मिस्त्री.

मामाची भीती मात्र नकलेत येत नाही. घाबरला की हा माणूस एकदम गप्प होतो, आणि गप्प बसलेल्याची नक्कल काय करणार, कप्पाळ. पण त्या आठवड्यात सोमवारपासून रविवारपर्यंत ती भीती मी अगदी जवळून बघितली.

मी त्याची भाची. आमचं गाव चंदगडकडं, बारावीसाठी मी मामाकडं राहते. खाली गॅरेज, वर घर. त्यामुळं माझी निम्मी केमिस्ट्री इंजिनाच्या तालावर पाठ झालेली आहे.

मामा कार्बोरेटरचा माणूस. तो ‘कार्बेटर’ म्हणतो. पेट्रोल आणि हवा एकत्र कालवून इंजिनाला घास भरवायचं काम त्या मुठीएवढ्या डब्याचं. "मिठागत हाय बग," मामा सांगतो. "जास्त झालं तरी तोंड वाकडं, कमी झालं तरी तोंड वाकडं." नव्या गाड्यांना तो डबाच नसतो, त्यांना लॅपटॉप लावतात. मामा त्यांना ‘दवाखान्यातल्या गाड्या’ म्हणतो आणि हात लावत नाही. पण जुन्या गाड्या त्याच्याकडं पन्हाळ्याहून येतात, आजऱ्याहून येतात. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवतो, दांडा कानाला लावतो, आणि डोळे अर्धे मिटून बसतो. फोनवर लांबच्या नातेवाइकाशी बोलल्यासारखा.

आणि काम झालं की गिऱ्हाइकाशी ठरलेलं बोलणं.

"मिस्त्री, झाली का ओके?"

"चालवून बगा."

"चालवतो की. पर तुमाला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? गाडी तुमची, बूड तुमचं. चालवून बगा."

पुढं कितीही उकरा, ‘ओके’ हा शब्द मामाच्या तोंडून येत नाही. त्याला कारण आहे. नऊ वर्षांपूर्वी यशराज नावाचा एक पोरगा मातीतल्या शर्यतीत उतरणार होता. मामानं त्याची गाडी लावून दिली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "ओके हाय. डोळं झाकून जा." यशराज गेला. मोठ्या उडीच्या तोंडावर त्यानं मूठ पिळली आणि इंजिनानं नेमका तिथं एक घोट गिळला. पुढचं चाक खाली पडलं, यशराज डोक्यावरून गेला, मांडीत दोन सळ्या पडल्या. आता तो बँकेत नोकरी करतो, जरा तिरका चालतो आणि स्कूटर सर्व्हिसिंगला मामाकडंच आणतो. त्या दिवसाबद्दल त्यानं आजवर एक शब्द काढलेला नाही. मामी म्हणते, एकदा आईमाईवरनं शिव्या घातल्या असत्या तर ह्यांचं भलं झालं असतं.

तर अशा माणसाच्या पोटी संयोगिता. माझी मामेबहीण, वय एकोणीस, बी. कॉम. दुसरं वर्ष. तिला दोनच गोष्टी येतात, भाकरी करपवणं आणि गाडी उडवणं. मामानं दोन वर्षं ‘न्हाय’ म्हटलं. मग पुण्याच्या कुणाकडून जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाईक स्वतःच आणली. "दुसऱ्याच्या हातची गाडी चालवण्यापेक्षा माज्या हातची चालवंल," एवढंच म्हणाला. येत्या रविवारी कागलच्या बाजूला शर्यत होती, आठ फेऱ्यांची, आणि त्या मैदानात एक उडी होती घराच्या पत्र्याएवढी उंच.

आदल्या रविवारी सगळे गाडी घेऊन जोतिबाला जाऊन आलो होतो. शर्यतीआधी देवाला दाखवायची, हे मामाचं ठरलेलं. बाळासो टेम्पोवाल्यानं टेम्पो आणला होता. हा मामाचा बालमित्र, कधी सरळ बोललेला कुणी ऐकला नाही. नारळ फुटला, गुलाल उधळला, चाकाखाली लिंबं ठेवली, मामानं स्वतः किक मारून गाडी लिंबांवरून पुढं नेली. परत येताना आमच्या दातांतसुद्धा गुलाल होता.

सोमवारी सकाळी संयोगिता पाचगावच्या माळावर सरावाला गेली आणि तासाभरात गाडी ढकलत परत आली.

"पप्पा, गिळतीया."

मामाच्या हातातला पाना तिथंच राहिला.

"काय गिळतीया?"

"मूठ पिळली की आदी गिळतीया, मग वरडतीया. ब्बॉ... आन् मग ट्रँऽऽग. मदी असं काळजात खड्डा पडतोय बगा."

मामा खाकरला नाही. हे मी पहिल्यांदा बघितलं. त्यानं गाडी स्टँडला लावली, किक मारली आणि मूठ झटक्यात पिळली. ब्बॉ. मग ट्रँऽऽग. पुन्हा पिळली. ब्बॉ. तो ‘ब्बॉ’ म्हणजे अर्ध्या सेकंदाचासुद्धा नव्हता. रस्त्यावर कुणाला कळला नसता. पण उडीच्या तोंडावर त्या अर्ध्या सेकंदात काय होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"हुतंय," मामा म्हणाला. "बारीक हाय काम."

बारीक काम सोमवारी संपलं नाही. मामानं कार्बोरेटर उघडला, आतल्या जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या, काढून धुतल्या, उजेडाला धरून एका डोळ्यानं बघितल्या. परत बसवल्या. ब्बॉ. मंगळवारी एक नंबर मोठी जेट घातली. ब्बॉ, जरा लांब. एक नंबर लहान घातली. ब्बॉ, जरा आखूड, पण ब्बॉच. बुधवारी पेट्रोलचं माप राखणारी सुई एक खाच वर घेतली, मग एक खाच खाली. तिसऱ्या प्रहरी तर प्लग, वायर, सगळं बदललं. गिऱ्हाइकं येत होती, मामा त्यांना मान वर न करता सांगत होता, "उद्या या." पन्हाळ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं तीनदा ‘उद्या या’ म्हटलं. शेवटी म्हातारा म्हणाला, "मिस्त्री, मी गाडी दाखवायला न्हाय, लग्नाची पत्रिका द्यायला आलोय."

बुधवारी संध्याकाळी बाळासो येऊन बाकड्यावर बसला.

"जोत्या, सोड की. दुसऱ्या कुणाला तरी दाकव."

"कुणाला?"

"सांगलीला एक पोरगं हाय म्हनं. कानात बाळी, अंगावर चित्रं, पर हात सोन्याचा."

"माज्या पोरीची गाडी बाळीवाला बगणार?"

"मग तू बग. तीन दिस झालं बगतोयस, लगीन लावणार हाईस काय तिच्यासंगं?"

एरवी यावर मामानं बाळासोला गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी त्यानं नुसती जेट परत उजेडाला धरली. बाळासोनं माझ्याकडं बघितलं, चहा निम्मा ठेवला आणि उठून गेला. 

मामी वरून खाली आली की गाडीकडं पाठ करून उभी राहायची. "जेवायला चला," म्हणायची, तेही भिंतीला. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुज्या कानाला काय वाटतंय गं? जातंय का ते?" मी ‘जातंय’ म्हटलं. खोटं बोलल्याचं तिला लगेच कळलं, कारण ती म्हणाली, "बरं," आणि पदरानं जिन्याचा कठडा पुसायला लागली.

 संयोगिता रोज सकाळी पायात बूट चढवून खाली यायची आणि आवाज ऐकून परत काढायची. ते बूट काढायला दहा मिनिटं लागतात. मामा त्या दहा मिनिटांत तिच्याकडं बघायचा नाही.

गुरुवारी दुपारी मामा हवेचा स्क्रू फिरवत बसला होता. कार्बोरेटरच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो. तो उघडला की मुठीच्या सुरुवातीला हवा जास्त जाते, आवळला की कमी, आणि नुसत्या फिरवण्यानं इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो. मामा एक फेरा उघडायचा, ऐकायचा. दीड फेरा, ऐकायचा. अडीच.

"पप्पा," संयोगिता पायरीवरून म्हणाली, "आवाज बदलंना की."

मामाचा हात थांबला. त्यानं स्क्रू पुरता आवळला. आवाज तोच. पुरता सैल सोडला. तोच. मामाच्या मानेवरची शीर मला लांबून दिसली.

स्क्रू फिरवून फरक पडत नाही, म्हणजे तिथवर हवा पोचतच नाही. हे तो गिऱ्हाइकाच्या गाडीवर पाच मिनिटांत ओळखतो. पण ही गाडी त्यानं स्वतः साफ केलेली होती, आणि स्वतःच्या हातावर त्याला शंका आली नव्हती. त्यानं डबा परत उतरवला. हवेच्या बाजूच्या तोंडाशी खाली एक भोक असतं, तांदळाचा दाणासुद्धा जाणार नाही एवढं. सगळा वेळ तो पेट्रोलची भोकं धूत होता. आता त्यानं या भोकात पिचकारीनं पेट्रोल मारलं आणि पलीकडं मामीचं जुनं पांढरं पोलकं धरलं.

पोलक्यावर गुलाबी ठिपका पडला. मग दुसरा. मग चिखलासारखी एक गुलाबी अळी बाहेर आली.

 सगळ्यांना एकदमच कळलं. जोतिबाला जायच्या आदल्या दिवशी मामानं हवेचा फोमचा फिल्टर धुऊन वर तारेवर वाळत घातला होता. गाडी देवाला न्यायची तर आतबाहेर स्वच्छ हवी. टेम्पोतनंच जायची, टेम्पोतनंच यायची, फिल्टर कशाला, आल्यावर बसवू, असा हिशेब. लिंबांवरून न्यायला किक मारावी लागते, हे डोक्यातच आलं नाही. इंजिनानं त्या दोन मिनिटांत नाकावर रुमाल नसलेल्या माणसासारखा गुलाल ओढला होता.

मामी मागं उभी होती. "आवं," ती हळू म्हणाली, "देवाच्या गुलालाला बोल लावू नगा."

"गुलालाला कुटं लावतोय," मामा म्हणाला. "हाताला लावतोय."

त्यानं तो दिवस आणि शुक्रवार अख्खा डबा पेट्रोलमध्ये भिजवला, हवेनं फुंकला, सगळ्या नळ्या पहिल्या नंबरावर आणल्या, सुई पहिल्या खाचेत बसवली. फिल्टर तेल लावून बसवला आणि तीनदा हात घालून खात्री केली. शनिवारी सकाळी किक मारली. मूठ पिळली. ट्रँऽऽग. सरळ. मध्ये काही नाही. मामानं पन्नास वेळा तरी पिळली असेल. गल्लीतली कुत्री उठून गेली.

संयोगिता बूट घालून खाली आली. "पप्पा, ओके?"

मामानं तोंड उघडलं. आता तो ‘चालवून बग’ म्हणणार, असं मला वाटलं. ते वाक्य त्याच्या तोंडात नऊ वर्षं तयारच असतं. पण ते आलं नाही. समोर गिऱ्हाईक असतं तर बूड त्याचं. इथं चालवून बघणारी ती होती. ‘ओके’ म्हणायला यशराज आडवा येत होता, आणि ‘चालवून बग’ म्हणायला ती स्वतः.  मामा हात पुसत राहिला, पुसून झालेले.

"पप्पा?"

"सकाळी बगू," तो म्हणाला आणि वर गेला. त्या दिवशी त्यानं वरण-भातात पाणी ओतून घेतलं आणि तसंच खाल्लं.

रविवारी उजाडायच्या वेळेला बाळासोच्या टेम्पोत गाडी चढवली आणि आम्ही पाचजण निघालो. मामी कधी शर्यतीला येत नाही. त्या दिवशी न विचारता पुढं बसली. मामानं टेम्पो कागलच्या रस्त्याला न लावता पाचगावच्या माळावर घ्यायला सांगितला. तिथं सरावासाठी पोरांनी मातीचा एक उंचवटा केलाय, खऱ्या उडीच्या निम्मा. गाडी उतरवली. संयोगिता हेल्मेट घ्यायला वळली आणि इकडं मामानं किक मारली.

"पप्पा, काय करताय?"

मामा गाडीवर बसला होता. वय चौपन्न, पायात चपला, डोक्याला मफलर. मातीतली गाडी त्यानं जन्मात कधी पळवली नव्हती. गॅरेजच्या दारातून गल्लीच्या तोंडापर्यंत, फार तर.

"स्टँडवर कळत न्हाय," तो म्हणाला. "वजन पडल्यावरच कळतंय."

"जोत्या, उतर," बाळासो म्हणाला. एवढं सरळ तो पहिल्यांदा बोलला.

"मामा, हेल्मेट तरी घाल," मी ओरडले. संयोगितानं पळत जाऊन स्वतःचं हेल्मेट त्याच्या डोक्यात मफलरवरूनच कोंबलं. बक्कल लागेना. मामी टेम्पोत बसून काचेला कपाळ लावून होती, आणि काचेवर तिच्या श्वासाचा गोल मोठा होत चालला होता.

मामा गेला. आधी हळू, पाय दोन्हीकडं सोडून, बदक चालल्यासारखा. लांबवर जाऊन वळला. थांबला. किती वेळ थांबला, सांगता येत नाही. मग आवाज चढायला लागला. उंचवट्याकडं सरळ येत होता, चपलांसकट. माझ्या कानांना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. उंचवट्याच्या पायथ्याशी त्यानं मूठ पूर्ण पिळली.

ट्रँऽऽग.

काही गिळलं नाही. काही अडलं नाही. गाडी वर चढली, सुटली, आणि मामा हवेत दिसला, एक चप्पल पायात आणि एक वेगळी उडत. गाडी छान उतरली असती. मामा उतरला नाही. तो बाजूला पडला आणि त्याचा डावा हात खाली आला.

आम्ही पळालो. सगळ्यात पुढं संयोगिता. मामा पाठीवर पडला होता, हेल्मेटमध्ये तोंड मातीनं भरलं होतं, मनगट नको त्या दिशेला वळलं होतं. गाडी शेजारी पडून अजून चालू होती, आणि तो तिच्याकडं बघत होता.

"पप्पा, लागलं कुटं? पप्पा?"

मामानं माती थुंकली. मग खाकरला. दोनदा.

"ओके हाय," तो म्हणाला. "गाडी ओके हाय. पडलो ते मी कच्चा म्हणून. गाडीचा काय दोष न्हाय. जा तू."

संयोगिता रडली नाही. तिनं गाडी उचलली, वाकडा झालेला क्लचचा लिव्हर दहा मिनिटांत बदलला, दुसरं काही बदलायची गरज नव्हती. बाळासो तिला आणि गाडीला घेऊन कागलकडं निघाला. मामी मामाजवळ आली, त्याचा शर्ट झटकला, आणि म्हणाली, "तुमच्यासंगं ही भाची हाय. तिच्यासंगं कोण हाय?" आणि टेम्पोत जाऊन बसली. मी आणि मामा रिक्षानं राजारामपुरीला, हाडाच्या दवाखान्यात.

एक्स-रे झाला, हाड बसवून झालं, प्लास्टरची तयारी चालली होती तेव्हा मामीचा फोन आला. साडेदहा वाजून गेले होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सुटायला लागल्यात गाड्या," मामी म्हणाली. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"ती कुटं हाय?"

"काय म्हाईत."

"काय म्हाईत म्हंजे? बग की."

"मी डोळं मिटल्यात."

"उघड की मग."

"न्हाय उघडत. तुमी काय बी म्हना."

"बरं, उघडू नगंस. फोन तरी हात वर करून धर. उडीच्या बाजूला धर."

प्लास्टर लावणारा माणूस ओली पट्टी घेऊन उभा होता. "काका, हात हलवू नका," म्हणाला. मामानं दुसऱ्या हातानं फोन माझ्याकडून घेतला आणि कानाला लावला, स्क्रूड्रायव्हरचा दांडा लावतो तसा. स्पीकर चालूच होता, मलाही ऐकू येत होतं. आधी माणसांचा गलका. मग सगळ्या गाड्या एकदम, पिठाच्या गिरण्या सुरू झाल्यासारख्या. त्यात मला काहीच वेगळं ओळखू येईना. मामाचे डोळे अर्धे मिटले.

"दुसरी," तो म्हणाला. "फुडं एक हाय. ही मागची आपली."

आवाज लांब गेला, पुन्हा जवळ आला. फोनमधून मामीचं पुटपुटणं ऐकू येत होतं, देवाचं नाव की पोरीचं, कळत नव्हतं. मामाचं बोट फोनच्या मागच्या बाजूवर पांढरं झालं होतं. पुढची गाडी उडीवर चढली, आवाज तुटला, धप्प. मग आपली. मूठ पिळल्याचं मलासुद्धा कळलं. ट्रँऽऽग, स्वच्छ, आणि एकदम काहीच नाही.

हवेत असताना मूठ सोडतात. तेव्हा असं होतं, मला माहीत आहे. सरावाला शंभरदा ऐकलंय. पण दवाखान्यातल्या त्या खोलीत ती शांतता संपेना. मामा श्वास घेत नव्हता. पट्टीतलं पाणी फरशीवर टपटपत होतं, त्याचासुद्धा आवाज येत होता.

मग धप्प. आणि लगेच पुढं पळणारी टू-स्ट्रोक.

मामाचे खांदे खाली आले. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून हातावर पडला.

"झालं का काका?" प्लास्टरवाल्यानं विचारलं. "आवळू आता?"

"आवळा," मामा म्हणाला. "अजून सात फेऱ्या हायत." आणि फोन परत कानाला दाबून धरला.